गिम्पमधलं सिलेक्शन: पैठण्यांच्या फोटोंवर आठ महिने

येवल्यात नात्यातलं एक विणकर कुटुंब आहे, त्यांच्या पैठण्यांचे फोटो मी करते. फोटो मोबाइलवर काढायचे आणि मागची चादर उडवून साडी पांढऱ्यावर बसवायची. महिन्याला पंचवीस-तीस साड्या होतात. सगळं काम गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते फुकट आहे, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीवरच मी शिकले.

सिलेक्शन म्हणजे फोटोतला जेवढा भाग बदलायचा किंवा वेगळा करायचा, तेवढा निवडणं. पहिले दोन महिने सिलेक्शन म्हणजे निवडलेल्या भागाभोवतीची ती मुंग्यांसारखी चालणारी तुटक रेघ, असंच मी धरून चालले होते. काठ मऊ व्हावा म्हणून फेदर द्यायचे, पण रेघ जवळपास जागच्या जागी दिसायची. लागलं नाही वाटून पुन्हा द्यायचे. चार वेळा फेदर दिलेल्या मोरपंखी काठाची पार धूळधाण व्हायची. खरी गोष्ट नंतर कळली. गिम्प प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ असा आकडा देतं. ० म्हणजे निवडलेला नाही, २५५ म्हणजे पूर्ण निवडलेला, मधले सगळे अर्धेमुर्धे. मुंग्या फक्त निम्म्या आकड्याच्या जागी चालतात, मऊपणा त्यांना दाखवता येत नाही.

तो दिसतो क्विक मास्कमध्ये. शिफ्ट-क्यू दाबलं की न निवडलेला भाग लालसर होतो. पांढऱ्या ब्रशने रंगवलं की निवड वाढते, काळ्याने कमी होते. पुन्हा शिफ्ट-क्यू, की सिलेक्शन तयार. गिम्पमधली एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका, असं मी मनापासून सांगेन.

पैठणीची खरी परीक्षा पदराच्या टोकाला, गोंड्यांत. मागे मी करडी चादर लावते, कारण हिरवी लावली की तिची झाक जरीत उतरते. ‘सिलेक्ट बाय कलर’ने चादर निवडायची आणि कंट्रोल-आय दाबून निवड उलटी करायची. चंदेरी जर चादरीच्याच रंगाची दिसते, त्यामुळे साडीत भोकं पडतात. ती सिलेक्ट मेनूतल्या ‘रिमूव्ह होल्स’ने बुजतात. मग एक पिक्सेल श्रिंक, म्हणजे काठाची करडी कड जाते, आणि त्यावरून लेअर मास्क, म्हणजे फोटोवरचा एक पडदा: पांढरा तिथे फोटो दिसतो, काळा तिथे झाकला जातो. मात्र भोकं बुजवताना गोंड्यांमधल्या खऱ्या फटीही बुजतात. म्हणून गोंड्यांभोवती चौकोन काढते, शिफ्ट आणि कंट्रोल दोन्ही धरून ‘सिलेक्ट बाय कलर’ने चादरीच्या रंगावर क्लिक करते. चौकोनातल्या तेवढ्याच फटी निवडल्या जातात. त्या मास्कवर काळ्याने भरल्या की धागे सुटे दिसतात. उरलेलं ४०० टक्के झूम करून बारीक ब्रशने, हाताने.

शिफ्टची सवय व्हायला मात्र वेळ लागतो. माउस दाबायच्या आधी शिफ्ट धरली तर नवा भाग जुन्यात मिळतो; दाबल्यावर धरली तर आयताचा चौरस होतो. बोटांना हा क्रम बसेपर्यंत चिडचिड होते. कड शोधून तिच्यावरून रेघ नेणाऱ्या सीझर्स सिलेक्टचा मला जरीकाठावर उपयोग झाला नाही, नक्षीच्या प्रत्येक कडेला ते ओढलं जातं. सपाट रंगाच्या ब्लाउजपिसाला फझी सिलेक्ट पुरतं, ते क्लिक केलेल्या जागेला लागून असलेला सारखा रंग निवडतं; क्लिक करून माउस तसाच दाबून खाली ओढला की थ्रेशोल्ड, म्हणजे किती वेगळा रंग चालेल ती मर्यादा, वाढतो, आकडे टाकत बसावं लागत नाही.

दिवाळीआधीच्या गर्दीत एका जांभळ्या पैठणीचं दोन तासांचं सिलेक्शन माझ्या हातून गेलं. जेपीजी एक्स्पोर्ट केली, फाइल बंद केली. जेपीजीत सिलेक्शन राहत नाही. गिऱ्हाइकाला मागे फिकट गुलाबी हवी होती, सगळं पुन्हा करावं लागलं, आणि त्या रात्री रडू आलं. तेव्हापासून गोंडे झाले की आधी ‘सेव्ह टू चॅनल’, म्हणजे सिलेक्शन फाइलमध्येच जपून ठेवायचं, चॅनलला साडीचा नंबर, आणि फाइल गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात. परवा त्याच पैठणीला मागे राखाडी मागितली. चॅनलवर राइट क्लिक करून सिलेक्शन परत आणलं, पाच मिनिटांत फोटो पाठवला.