ठाण्यात राबोडीतलं बाइंडिंगचं दुकान: पुस्तक उलटं बांधून आलं असेल तर इथे जा

रिव्ह्यू बाइंडिंगचाच आहे पण आधी थोडी पुस्तकाची गोष्ट ऐकावी लागेल, नाहीतर दुकानातल्या चाचांनी नेमकं काय केलं ते कळायचं नाही.

बाबांची पंच्याहत्तरी होती. बाबा मूळचे सोलापूरचे, आदिलशाहीचं वेड, विजापूरला किती चकरा झाल्यात ते त्यांनाही आठवत नाही. अशा माणसाला शर्टपीस काय देणार, म्हणून ठरवलं की 'गुलशन-ए-इश्क'ची पानं छापून त्याचं पुस्तक करून द्यायचं. हे नुसरतीचं काव्य. नुसरती म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाचा दरबारी कवी, त्यानेच पुढे 'अलीनामा' लिहिला ज्यात शिवाजी महाराजांशी झालेल्या लढाया दरबाराच्या बाजूने येतात, त्यामुळे बाबा त्याच्यावर चिडतातही आणि त्याला सोडतही नाहीत. गुलशन १६५७च्या आसपासचं. भाषा दखनी, म्हणजे अशी उर्दू ज्यात आपला 'नको' आहे आणि शब्दाच्या शेपटीला आपला 'च'सुद्धा आहे. गोष्ट मनोहर-मधुमालतीची, पऱ्या झोपलेल्या राजपुत्राला पलंगासकट उचलून राजकन्येच्या महालात नेऊन ठेवतात, नंतर मधुमालतीची आईच तिला पक्षी करून टाकते, असं सगळं. हिची १७४३ची एक सचित्र प्रत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये आहे, नव्वदच्या वर चित्रं आहेत तिच्यात. मी त्यातली चाळीसेक पानं निवडली.

छापायला दिलं स्टेशनजवळच्या एका डिजिटल प्रेसमध्ये, नाव लिहीत नाही कारण प्रिंट खरंच छान काढले होते त्यांनी, रंग एक नंबर. पण बाइंडिंग? अहो उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, त्यांनी आपल्या सवयीने डावीकडून चिकटवलं, वरून हॉट ग्लू. म्हणजे पहिलं पान उघडलं की राजपुत्र पुढे जायच्या ऐवजी पुस्तकातून बाहेर पडतोय असं वाटायचं. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, मॅडम, फाईलमध्ये लिहिलं नव्हतं. बरोबर आहे, नव्हतं लिहिलं, पण अख्ख्या फाईलमध्ये एक अक्षर तरी डावीकडून सुरू होत होतं का? पुन्हा छापायचे पूर्ण पैसे सांगितले आणि वाढदिवस आठ दिवसांवर.

ऑफिसमधल्या मैत्रिणीने राबोडीतलं हे दुकान सांगितलं. पाटीबिटी नाही. पुढे झेरॉक्स, मागे जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा, भिंतीला पुस्तकं दाबून धरायचा लाकडी शिकंजा, डब्यात खळ आणि सगळीकडे पुठ्ठ्याचा वास. चाचा सत्तरीचे असतील. मराठी बोलतात, कोकणी वळणाची. पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "बाय, याचं तोंड पाठीला लावलंय कुणी?"

मला वाटलं होतं कणा कापायचा आणि उजवीकडून चिकटवायचं, झालं काम. तर तसं नाही. प्रेसने जास्तीची मार्जिन डाव्या बाजूला सोडलेली, उजवीकडे चित्र जवळजवळ कडेपर्यंत. तिथून शिवलं तर अर्धा इंच चित्र बाइंडिंगच्या पोटात जाणार. आणि सगळी सुटी पानं, त्यामुळे जुजबंदी, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे (जुज) करून दोऱ्याने शिवणं, थेट होत नाही, तिला दुमडलेला ताव लागतो. मग चाचांनी काय केलं तर प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला बारीक कागदाची पट्टी खळीने जोडली, दोन-दोन पानं एका पट्टीवर, म्हणजे दुमडलेला ताव तयार झाला, असे जुज करून मग दोऱ्याने शिवले. पुस्तक आता टेबलावर सपाट उघडतं आणि चित्राचा एक मिलिमीटरही आत जात नाही. मी तिथे तासभर बसून बघत होते, पट्टी लावल्यावर ते नखाने नाही, हाडाच्या पट्टीने दाबतात, आणि दर वेळी पान उजेडासमोर धरून बघतात.

मध्येच थांबून दोन ओळी वाचल्याही. म्हणाले हे नस्तालीक, म्हणजे उर्दूचं नेहमीचं तिरकं वळण नाही, नस्ख आहे, कुराणाचं वळण, म्हणून वाचायला सोपं. अर्थ विचारला तर हसले, "अर्धं कळतंय, अर्धं तुमच्या सोलापूरचं दिसतंय." जुन्या किताबांत पानाच्या तळाला कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायचे, तोच पाननंबर, हेही त्यांनीच सांगितलं. प्रेसवाल्याला हे आधी कुणी सांगितलं असतं तर, असो.

आता तक्रारी. तीन दिवस म्हणाले, पाच लागले. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं, आणि शुक्रवारी दुपारी गेलात तर बंद. पावती मिळत नाही. कव्हरच्या कापडाला रंग तीनच, मरून, हिरवा, काळा, मी मरून घेतलं. जुना ग्लू काढताना एका पानाची लाल चौकट कडेला थोडी कापली गेली, ते त्यांनी स्वतःहून दाखवलं आणि पैसे ९०० ठरले होते त्यातले १०० कमी केले. मला थोडं लागलं मनाला, कारण पान नेमकं पऱ्यांचं होतं.

बाबांना दिलं तेव्हा मीच आधी ती कापलेली रेघ दाखवून टाकली. तर म्हणे, त्यात काय एवढं, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या हुसेन निजामशहावरचं फारसी काव्य आहे, चित्रांसकट, त्यात तर अख्खी राणीच पुसून टाकलीय कुणीतरी, खुंजा हुमायून, तुझी नुसती रेघ गेलीय. आणि मग उजवीकडून पहिलं पान उघडून बसले ते जेवायला हाक मारेपर्यंत.

पाचपैकी साडेचार. अर्धा फोनसाठी कापला. जाताना सुट्टे पैसे घेऊन जा, आणि पुस्तक कुठल्या बाजूने उघडतं हे चाचांना सांगायची गरज नाही.