रिवणची ‘केव्ह ॲडव्हेंचर’ डे ट्रिप: जागा एक नंबर, तयारी शून्य

पाचपैकी दोन स्टार देतोय. एक जागेला, एक गाईडला, कंपनीला काहीच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण मला कुणाचा धंदा बुडवायचा नाहीये, पुढे जो कोणी असली ट्रिप बुक करेल त्याने पैसे भरायच्या आधी काय विचारावं एवढंच कळायला हवं.

पॅकेज असं होतं, गोव्यात मडगावहून पिकअप, केपेमार्गे रिवण गाव, तिथल्या पांडवांच्या गुहेत ‘केव्हिंग’ म्हणजे गुहेत आत शिरून फिरणं, मग शाकाहारी जेवण, मग उसगाळीमळची कातळशिल्पं आणि संध्याकाळी परत. माणशी ₹1,800. व्हॉट्सॲपवर जी लिस्ट पाठवली त्यात टोपी, सनस्क्रीन आणि पाण्याची बाटली. बुटांबद्दल एक अक्षर नाही, बॅटरीबद्दल नाही. गुहेत जायचंय आणि सनस्क्रीन आणा म्हणतात, तेव्हाच दादाने फोनवर मला म्हटलं होतं की आपलं सामान आपण घेऊ.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, कोल्हापूरचा. सह्याद्रीत दोरावरचे सगळे प्रकार करून झालेत त्याचे, आणि मेघालयात सोहराकडे (चेरापुंजी) जाऊन चुनखडीच्या गुहांमध्ये खरोखरचं केव्हिंग केलेला माणूस आहे, छातीपर्यंत पाण्यातून, सरपटत, असं. क्रेम मॉमलुह पण बघून आलाय, ज्या गुहेतल्या दगडावरून पृथ्वीच्या इतिहासातल्या शेवटच्या 4,200 वर्षांच्या काळाला ‘मेघालयन’ नाव दिलं, 2018 मध्ये. तो सोबत होता म्हणून आमची ट्रिप निभावली, नाहीतर काय झालं असतं कुणास ठाऊक.

आता रिवणची गुहा म्हणजे मेघालयासारखी नव्हे हे आधी सांगतो. ही माणसांनी जांभ्यात कोरलेली आहे, सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासची, बौद्ध भिक्षूंची मानतात. लांबीरुंदी फार नाही. पण खालच्या तोंडाशी मारुतीचं शिल्प आहे आणि तिथून पायऱ्या खाली अंधारात जातात, पुढे बोळ इतका ठेंगणा की कंबरेत वाकूनच जावं लागतं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, पायऱ्यांवर शेवाळ, खाली घोट्याएवढं पाणी. कंपनीने हे ‘इझी, सगळ्या वयांसाठी’ म्हणून विकलंय, आणि माझा राग नेमका इथे आहे, की छोटी गुहा आहे म्हणून तयारी छोटी चालते असं ते धरून चालतात.

आम्ही गाईड धरून सात जण, हेल्मेटं चार. ती पण बांधकामावरची पिवळी. भाच्याला जे दिलं त्याची हनुवटीची पट्टी तुटलेली आणि तिथे सेफ्टीपिन लावलेली, म्हणजे पोरगं वाकलं की हेल्मेट पुढे घसरून डोळ्यांवर येणार आणि डोकं छताला उघडंच. उजेडासाठी गाईडकडे एक चार्जिंगची बॅटरी, बाकीच्यांनी मोबाईलचा टॉर्च लावायचा म्हणे. अरे बाबा, वाकून चालताना दोन्ही हात भिंतीला लागतात, मोबाईल धरणार कशात? पुण्याचं एक जोडपं होतं, त्या ताईंच्या पायात गुळगुळीत तळव्याच्या चपला, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दादाने तिथेच चिऱ्याच्या कट्ट्यावर आपली पिशवी उघडली. डोक्याला बांधायचा दिवा, त्याच्याखाली गळ्यात अडकवलेला बारका दिवा, आणि तिसरा खिशात. सुटे सेल सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलेले, पाणी लागू नये म्हणून. तो म्हणाला माणशी तीन दिवे हा केव्हिंगमधला साधा नियम आहे, आणि प्रत्येक दिवा आपला आपण चालला पाहिजे, एकाच्या बॅटरीवर दुसरा अवलंबून नको. मग गाईडला शांतपणे विचारलं, आपण आत किती वाजता जातोय आणि किती वाजेपर्यंत बाहेर आलो नाही तर कुणी शोधायला यायचं, हे बाहेर कुणाला सांगून ठेवलंयस? गाईड कोकणीत म्हणाला ‘कांय जावचें ना’, काही होणार नाही. ड्रायव्हर चहाला गेलेला. आत मोबाईलला रेंज नाही. म्हणजे आत कुणाचा पाय मुरगळला असता तर बाहेर कुणाला पत्ताच नाही.

पावसाचं पण तेच. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचा कोच अडकले ते आत गेल्यावर पाऊस वाढून वाटेत पाणी भरलं म्हणून. रिवणची गुहा त्या मानाने काहीच नाही, मान्य, पण आदल्या रात्री पडलेला पाऊस बघून सकाळी कुणीतरी येऊन पाणी किती आहे ते बघायला नको?

शिवाय वटवाघळं. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीत एक बुरशी वाढते, ती फुफ्फुसात गेली तर हिस्टोप्लाझ्मोसिस होऊ शकतो, म्हणून जिथे साठा असेल तिथे मास्क आणि धूळ न उडवता चालणं. त्यांच्या तोंडावर दिवा मारायचा नाही, आरडाओरडा नाही. हे गाईडने सांगायला हवं, आम्हाला दादाने सांगितलं.

शेवटी दादाने ठरवलं की बोळात कुणीच जायचं नाही. दोघादोघांना स्वतःचे दिवे देऊन पायऱ्यांच्या तळापर्यंत नेलं, कोरीव काम नीट दाखवलं, परत आणलं. भाच्याला आपलं हेल्मेट दिलं. पुण्याच्या जोडप्यातल्या काकांना सुरुवातीला पटलं नाही, पैसे भरलेत तर पूर्ण जाऊ म्हणत होते, पण दुसऱ्याच पायरीवर ताईंचा पाय घसरला आणि दादाने दंड धरला तेव्हा ते पण गप्प उतरले.

गाईड मुलाबद्दल मला खरंच वाईट वाटतं. गावातलाच, गोड बोलणारा, जागेची माहिती पाठ, पण त्याला ना ट्रेनिंग ना सामान, प्रथमोपचाराची पेटी मागितली तर गाडीत असेल म्हणाला आणि गाडीत नव्हती. दादाने त्याला आपला गळ्यातला दिवा देऊन टाकला. अशा पोरांच्या जिवावर ₹1,800 घेणाऱ्या मालकाने चार चांगले दिवे घेऊ नयेत, हे मला अजिबात पटत नाही.

उसगाळीमळ मात्र अप्रतिम. कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेले बैल, हरणं, मोर, आणि ते गोल गोल चक्रव्यूहासारखं चित्र. 1993 मध्ये जगासमोर आलं हे सगळं. इथे गाईड खुलला, छान सांगितलं त्याने. चपला काढून कडेकडेने चालायला लावलं, हे आवडलं. जेवण ठीकठाक, सोलकढी चांगली होती.

त्यामुळे रिवणला जाऊ नका असं मी म्हणत नाही, जरूर जा. पण बुक करताना विचारा, माणशी हेल्मेट आणि डोक्याला बांधायचा दिवा मिळणार का, पाऊस झाला तर ट्रिप रद्द करून पैसे परत देता का, आणि बाहेर थांबणारा माणूस कोण. गोलमोल उत्तर आलं तर आपली गाडी काढा, कोरड्या दिवसात जा आणि वरवरचीच गुहा बघून या.

मालकाला फोन केला तर ‘सगळे असेच जातात, आजपर्यंत काही झालं नाही’ हेच उत्तर. पुरेशी हेल्मेटं आणि दिवे दिले नाहीत म्हणून अर्धे पैसे परत मागितलेत. बघून सांगतो म्हणालेत. उत्तर आलं की इथेच टाकतो, आणि सामान बदललं असं कळलं तर स्टार पण वाढवीन.