बिलात फक्त ‘लाल खडा’

माझा मावसभाऊ विट्याचा, गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा. कसोटीवर घासून सोन्याचा टंच सांगणारी आमची माणसं, पण खड्यांच्या बाबतीत सगळे अडाणी. म्हणून तर मी सांगलीच्या पेठेत साडेअकरा हजारांना फसले.

गुरुजींनी यांना माणिक घालायला सांगितलं. (माझा विश्वास नाही, सासूबाईंचा आहे.) दुकानदाराने अंगठीच्या आतला हॉलमार्क भिंगातून दाखवला, दागिन्याच्या सहा अक्षरी ओळखक्रमांकासकट (एचयूआयडी). मी निर्धास्त. हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याचा नाही, हे डोक्यातच आलं नाही.

सात-आठ महिन्यांत पैलूंच्या कडा बोथट झाल्या, वर केसासारख्या रेघा उठल्या. जाब विचारायला गेले तर शेठ शांतपणे म्हणाले, “ताई, या भावात खाणीतलं कुठून येणार? हे लॅबचं आहे. पण माणिकच.”

मला वाटलं, चला, निदान माणिक तरी आहे. घरी येऊन वाचलं, तेव्हा मेख कळली. लॅबमधलं माणिक खोटं नसतंच. ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि लाल रंगासाठी किंचित क्रोमियम, खाणीतल्यातही हेच. व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पूड ज्योतीत वितळवून माणिक करायची पद्धत 1902 मध्ये जाहीर केली. दहापर्यंतच्या मोह्ज मापावर दोन्हींचं काठिण्य 9. धुळीतल्या वाळूचं 7, काचेचं साधारण साडेपाच. म्हणजे धुळकट फडक्याने पुसलं तरी काचेला ओरखडे येतात; माणिकाला, अगदी लॅबच्याही, येत नाहीत. मग आमचं झिजलं कसं?

भावाने दहापट भिंगातून पाहिलं. आत गोल बुडबुडे. “काच,” म्हणाला. पण ज्योतीत केलेल्या माणकातही बुडबुडे सापडतात, सोबत वक्र रेषा असतात. एवढ्यावर भांडता येत नाही. म्हणून खडा काढून मुंबईच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात एकच शब्द: काच.

लॅबचं स्वस्त असतं, ते सांगून विकलं तर तक्रार नाही. इथे ‘लॅबचं’ हा शब्दच काचेवरचं पांघरूण होता. खडा घेताना बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: रत्नाचं नाव, नैसर्गिक की सिंथेटिक, आणि खड्याचं वेगळं वजन कॅरेटमध्ये. माझ्या बिलावर काय होतं? ‘लाल खडा, 1 नग.’ तेव्हा वाचलंच नव्हतं.

अहवाल घेऊन परत गेले. शेठचं तेच, लॅबचं आहे. म्हटलं, “मग बिलावर ‘सिंथेटिक माणिक’ लिहून सही करा.” त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पोऱ्याला चहा सांगितला.