पोथ्यांच्या सहवासातला जन्म : क्राच्कोव्स्की यांच्या आठवणींचे पुस्तक

इग्नाती यूलियानोविच क्राच्कोव्स्की हे नाव मराठी वाचकाच्या कानावर सहसा पडलेले नसते. रशियातील अरबी विद्येच्या अभ्यासात मात्र विसाव्या शतकात त्यांच्याइतका अधिकार क्वचितच कोणाला लाभला. ‘अरबी हस्तलिखितांवर झुकून’ असा ज्याच्या शीर्षकाचा अर्थ लावता येईल, ते त्यांचे आठवणींचे पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९५१ मध्ये त्याला स्टालिन पारितोषिक मिळाले. तात्याना मिनोर्स्की यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद लायडनच्या ब्रिल या प्रकाशनसंस्थेने १९५३ मध्ये काढला. मी हा अनुवाद दोनदा वाचला. पहिल्यांदा कुतूहलापोटी वाचला, आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन.

विद्वानांची आत्मवृत्ते बहुधा पदे, परिषदा, सत्कार आणि मतभेद यांच्या क्रमाने पुढे सरकतात. या पुस्तकात तसा क्रम नाही. लेखकाचा जन्म १८८३ मध्ये विल्ना येथे झाला, बालपणीची काही वर्षे ताश्कंदमध्ये गेली, १९०१ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठाच्या पौर्वात्य विद्याशाखेत प्रवेश घेतला आणि १९२१ मध्ये ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले, हा तपशील वाचकाला इतरत्रून गोळा करावा लागतो. येथे प्रत्येक प्रकरण एखाद्या हस्तलिखिताभोवती किंवा त्या हस्तलिखितापर्यंत लेखकाला नेणाऱ्या माणसाभोवती उभे राहते. ही पोथी आली कुठून, ती कोणाच्या हातून गेली, कोणत्या अक्षराशी गाडी अडली आणि ती कशी सुटली, एवढेच सांगायचे आहे असा लेखकाचा आविर्भाव असतो. आणि ते सांगता सांगता एका माणसाची सारी कारकीर्द आपल्यापुढे उलगडत जाते. पुस्तकाचे खरे बळ या रचनेत आहे असे मला वाटते.

सर्वांत उत्कंठावर्धक प्रकरण आहे सोग्दियानाहून, म्हणजे समरकंदच्या परिसरातील मध्य आशियाई प्राचीन प्रदेशातून आलेल्या पत्राचे. आजच्या ताजिकिस्तानातील मुग डोंगरावर १९३०च्या दशकाच्या आरंभी एक जुना दप्तरखाना सापडला. त्यातील बहुतेक कागदपत्रे सोग्दी भाषेतील होती, पण कातड्यावर लिहिलेले एक पत्र अरबी होते आणि ते वाचण्याचे काम क्राच्कोव्स्की यांच्याकडे आले. पत्र खुरासानचा अरब सुभेदार अमीर अल्-जर्राह इब्न अब्दुल्ला याला लिहिलेले आहे, हे कळले. पण लिहिणारा कोण? नाव अनोळखी होते, अक्षरे झिजलेली होती. अरबी लिपीत शब्दाच्या मध्ये आलेले ‘न’ आणि ‘त’ एकाच दातासारख्या आकाराने लिहितात. वर एक टिंब दिले की ‘न’ आणि दोन दिली की ‘त’. तबरी या जुन्या अरबी इतिहासकाराच्या ग्रंथात ‘दिवाश्नी’ असे एक नाव छापलेले होते आणि पत्रातील नाव ‘दिवाश्ती’ असे लागत होते. ही दोन माणसे नसून एकच माणूस आहे, नकलकारांच्या हातून एक टिंब कमी पडले आहे, हे ध्यानात येताच सारा दप्तरखाना कोणाचा याचा उलगडा झाला. समरकंदजवळच्या पंजिकंत या नगरीचा शासक दिवाश्तिच (अरबी रूप ‘दिवाश्ती’) याचे ते पत्र होते, समरकंदचा पूर्वीचा राजा तर्खून याच्या मुलांविषयी होते आणि इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले होते. पुढे ७२२ मध्ये अरबांनी या दिवाश्तिचला ठार केले.

ज्यांनी मोडी कागद वाचण्याचा थोडा तरी प्रयत्न केला आहे, त्यांना या प्रकरणाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सलग लिहिलेले, आणि एखादे आडनाव लागत नसले की पुढचा सगळा मजकूर अडून बसतो. मी मोडीच्या वर्गात बसत असे तेव्हा एका गावाचे नाव लागेना म्हणून आठवडाभर तो कागद उशाशी ठेवला होता, आणि ते नाव लागले ते भलत्याच कामात असताना. क्राच्कोव्स्की या क्षणाचे वर्णन करताना आपल्या बुद्धीची बढाई मारत नाहीत. अडखळणे, चुकीचा तर्क करणे, तो सोडून देणे आणि पुन्हा मूळ ओळीकडे येणे हे सारे ते जसेच्या तसे मांडतात. त्यांच्या पत्नी वेरा क्राच्कोव्स्काया या स्वतः अरबी शिलालेखांच्या जाणकार होत्या आणि या पत्राचे १९३४ मधील प्रकाशन दोघांच्या नावावर आहे, हेही येथे नोंदवायला हवे.

दुसरी अशीच कथा आहे ती अबुल् अला अल्-मअर्री या अंध कवीच्या ‘देवदूतांचे पत्र’ या रचनेची. दहाव्या-अकराव्या शतकातील हा कवी देवदूतांपुढे उभे राहण्याची कल्पना करतो आणि त्यांच्याशी पापपुण्याचा नव्हे, तर त्यांच्याच नावांच्या व्युत्पत्तीचा आणि व्याकरणाचा वाद घालतो. १९०८ ते १९१० या काळात क्राच्कोव्स्की सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन आणि इजिप्त येथे राहून शिकत होते. तेव्हा कैरोतील अल्-अझहर या जुन्या इस्लामी विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांना या रचनेचे हस्तलिखित भेटले. तिची संपादित आवृत्ती प्रसिद्ध झाली १९३२ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत एक महायुद्ध, दोन क्रांत्या आणि एक यादवी युद्ध होऊन गेले, पण लेखकाच्या मनातून ती पोथी गेली नाही. एका लहानशा रचनेसाठी इतका काळ द्यावा का, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडू शकेल. प्रकरण वाचून संपवल्यावर मला तो पडला नाही.

मला स्वतःला सर्वाधिक स्पर्शून गेले ते उसामा इब्न मुन्किझचे हस्तलिखित. क्रुसेडच्या युद्धांचा साक्षीदार असलेल्या या सरदाराच्या कुळाचा शैझर हा किल्ला ११५७च्या भूकंपात कोसळला आणि आतले जवळजवळ सारे कुटुंब गाडले गेले. उसामा त्या वेळी तेथे नव्हता, म्हणून वाचला. उजाड मुक्काम आणि सोडून गेलेली घरे यांवरच्या अरबी कविता वेचून त्याने पुढे एक ग्रंथ सिद्ध केला. लेनिनग्राडच्या, म्हणजे पूर्वीच्या सेंट पीटर्सबर्गच्या, आशियाई संग्रहालयातील या ग्रंथाची प्रत खुद्द उसामाच्या हातची आहे, ही गोष्ट क्राच्कोव्स्की यांनी ओळखली. सारे घरदार गमावलेल्या वृद्धाच्या हातचे अक्षर आठशे वर्षांनी कोणीतरी ओळखावे, हा प्रसंग ते कसलाही गहिवर न आणता सांगतात, आणि म्हणूनच तो मनात राहतो.

या निवेदनाला पार्श्वभूमी आहे ती लेनिनग्राडच्या वेढ्याची. १९४१-४२चा भीषण हिवाळा क्राच्कोव्स्की यांनी शहरातच काढला आणि १९४२च्या उन्हाळ्यात त्यांना मॉस्कोजवळ हलवण्यात आले. पुस्तकाचा मोठा भाग युद्धकाळातच लिहिला गेला. आपल्या पोथ्या शेजारी नसताना स्मरणातून त्यांना बोलावणारा हा माणूस आहे, हे लक्षात ठेवून वाचले तर काही ठिकाणी जाणवणारी हुरहुर नीट कळते.

आता उणिवांविषयी. पुस्तक ज्याबद्दल बोलत नाही ती गोष्ट लहान नाही. क्राच्कोव्स्की यांचा विद्यार्थी थिओडोर शुमोव्स्की याला १९३८ मध्ये अटक झाली आणि त्याच्या आयुष्यातील सुमारे अठरा वर्षे छावण्या व हद्दपारीत गेली. १९४५ मध्ये छापल्या जाणाऱ्या सोव्हिएत पुस्तकात याचा उल्लेख होणे शक्य नव्हते, हे मान्य आहे. तरीही गुरूंविषयी, विशेषतः बॅरन व्हिक्टर रोझेन यांच्याविषयी इतक्या कृतज्ञतेने लिहिणाऱ्या लेखकाच्या पुस्तकात शिष्यांच्या बाबतीतले हे मौन वाचकाला बोचते. शुमोव्स्की याने विद्यार्थिदशेत गुरूंच्या मार्गदर्शनाखाली हाती घेतलेले काम होते ते अहमद इब्न माजिद या पंधराव्या शतकातील अरब नाखव्याच्या पद्यमय मार्गदर्शिकांचे. लेनिनग्राडच्या संग्रहातील तीन मार्गदर्शिका त्याने अखेर १९५७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतील एक पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने सोफाळा बंदरापर्यंतच्या सागरी वाटेची आहे आणि तीत हिंदी महासागरात पोर्तुगीज शिरल्याची चाहूल आहे. कोकण आणि गोव्याच्या इतिहासात ज्यांना रस आहे, त्यांनी या नावाचा मागोवा जरूर घ्यावा. ते काम पुस्तक-रूपाने पाहायला गुरू हयात नव्हते. २४ जानेवारी १९५१ रोजी त्यांचे निधन झाले होते.

दुसरी मर्यादा स्वरूपाचीच आहे. आठवणींची ही पाने वाचून लेखकाच्या कामाचा संपूर्ण आवाका कळत नाही. अरबी भूगोल-वाङ्मयाचा त्यांचा विस्तृत इतिहास १९५७ मध्ये आणि कुराणाचा रशियन गद्यानुवाद १९६३ मध्ये, म्हणजे दोन्ही मरणोत्तर प्रसिद्ध झाले. इथिओपियाच्या भाषा-वाङ्मयाची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक १९५५ मध्ये आले, आणि आफ्रिकेच्या अभ्यासाकडून त्यांच्याकडे वळणाऱ्याने ते वेगळे शोधावे. करटक आणि दमनक यांची पंचतंत्रातली जोडी अरबीत ज्या ‘कलिला व दिम्ना’ या नावाने नांदते, त्या ग्रंथाचा रशियन अनुवादही क्राच्कोव्स्की यांनी कुझ्मिन यांच्यासह १९३४ मध्ये केला होता.

अनुवादाची इंग्रजी साधी आणि शांत आहे. अरबी नावांची गर्दी पहिल्या पन्नास पानांत जड जाते, त्यामुळे नव्या वाचकाने अनुक्रम सोडून सोग्दियानाच्या पत्रापासून सुरुवात केली तरी काही बिघडणार नाही. त्यानंतर शेख तन्तावी यांचे प्रकरण वाचावे. इजिप्तमधील एका खेड्यात जन्मलेले आणि अल्-अझहरमध्ये शिकवणारे हे शेख १८४० मध्ये अरबी शिकवण्यासाठी सेंट पीटर्सबर्गला आले, तेथे प्राध्यापक झाले आणि १८६१ मध्ये तेथेच वारले. क्राच्कोव्स्की यांनी त्यांचे चरित्र लिहिले. शेखांची कबर त्या शहरातील वोल्कोव्हो दफनभूमीच्या मुसलमानी भागात आहे. त्याच वोल्कोव्होच्या दुसऱ्या भागात, लेखकांसाठी राखलेल्या जागेत, त्यांच्या चरित्रकाराचे दफन झाले.