दोन नवी क्रेडिट कार्डे, साडेनऊ महिने आणि 35 गुणांची घसरण: वापरानंतरचा अनुभव

ज्या दोन कार्डांविषयी मी लिहीत आहे, त्यांच्या सवलती, वार्षिक शुल्क आणि पॉइंट यांची माहिती सगळीकडे मिळते. त्यामुळे त्यात शिरत नाही. ही कार्डे घेतल्यानंतर माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज आणि कार्डांच्या व्यवहारांवरून मिळणारे गुण, 794 वरून 759 वर आला, तिथे काही महिने खिळून राहिला आणि मग हळूहळू पुन्हा चढला. या काळात मी एकही हप्ता चुकवला नाही, एकही बिल उशिरा भरले नाही आणि किमान रक्कम भरून उरलेली पुढे ढकलली, असे एकदाही केले नाही. तरीही स्कोअर घसरला, म्हणून ज्या अहवालावरून तो ठरतो, त्याची प्रत्येक ओळ मी तपासली. या लेखनाचे मूळ त्या तपासणीत आहे.

पहिले कार्ड 31 ऑगस्ट 2024 रोजी घेतले. गणपती आठवड्यावर आले होते, घरातील जुन्या फ्रिजने मान टाकली होती आणि नौपाड्यात गोखले रोडवरील एका दुकानात नव्या कार्डावर तीन हजारांची तत्काळ सवलत होती. 42,000 रुपयांचा फ्रिज बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर, म्हणजे महिन्याला 3,500 रुपयांनी घेतला. दुकानातील टेबलावर बसलेल्या मुलाने टॅबवर अर्ज भरला. मध्येच नेटवर्क गेले. "मॅडम, काही काळजी करू नका, परत टाकतो," असे म्हणून त्याने तोच अर्ज पुन्हा भरला. कार्ड मोबाइलवर लगेच आले, लिमिट 60,000 रुपये. दुसरे कार्ड ऑक्टोबरमध्ये घेतले. ते रुपे कार्ड होते, लिमिट 30,000, आणि यूपीआयला जोडता येते एवढ्याचसाठी मी ते घेतले.

आम्हाला घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला लहानसे घर घ्यायचे आहे. म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीलाच मी स्कोअर पाहून ठेवला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस तो 771 होता आणि डिसेंबरमध्ये 759. ज्या बँकेत आम्ही कर्जाची चौकशी केली, तिच्या दरपत्रकात स्कोअरनुसार टप्पे आहेत आणि माझ्या घसरणीने आम्ही एक टप्पा खाली गेलो. फरक फक्त 0.15 टक्क्यांचा होता. परंतु 40 लाखांच्या 20 वर्षांच्या कर्जावर, दर 8.50 ऐवजी 8.65 टक्के धरला, तर हप्ता महिन्याला सुमारे 380 रुपयांनी वाढतो आणि वीस वर्षांत 91 हजारांहून अधिक रक्कम जास्त जाते. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, म्हणजे बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेली आहेत. रेपो दर खाली आला की दरही खाली येतो, पण कर्जदाराच्या जोखमीपोटी बँक त्यावर जो जादा भाग लावते, तो कर्ज घेताना ठरतो आणि सहसा तसाच राहतो. त्यामुळे अर्जाच्या दिवशी स्कोअर किती आहे, ही बाब माझ्यासाठी क्षुल्लक नव्हती. तीन हजारांच्या सवलतीसाठी आपण काय पणाला लावले, हा विचार मनातून जात नव्हता.

डिसेंबरचा अहवाल मी छापून घेतला आणि सर्वप्रथम शेवटच्या पानावरील एन्क्वायरींची यादी पाहिली. तिथे एकाखाली एक अशा दोन ओळी होत्या. बँक तीच, तारीख तीच, 31 ऑगस्ट, आणि प्रयोजनही तेच, क्रेडिट कार्ड. मी एक कार्ड मागितले होते आणि नोंद दोनदा अर्ज केल्याची झाली होती. कर्ज किंवा कार्ड देणाऱ्याने अर्जावरून अहवाल मागवला की त्याची एन्क्वायरी नोंदली जाते, आणि थोड्या काळात अशा अनेक नोंदी दिसल्या की ही व्यक्ती पैशासाठी दारोदार फिरते आहे असा अर्थ निघतो. आपण स्वतः आपला अहवाल पाहिला तर स्कोअरला धक्का लागत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे वर्षानुवर्षे अहवाल न पाहणारी माणसे माझ्या ओळखीत आहेत. 2017 पासून प्रत्येक ब्युरोने, म्हणजे असे अहवाल तयार करणाऱ्या संस्थेने, वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि देशात असे चार ब्युरो आहेत.

त्या दुसऱ्या ओळीने माझी झोप उडवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बँकेच्या ग्राहक सेवेला मी चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नव्या व्यक्तीला पहिल्यापासून सगळे सांगावे लागले आणि प्रत्येकाचे उत्तर एकच होते, "मॅडम, ते सिस्टिमने जनरेट केलेले आहे, आम्ही काढू शकत नाही." मी वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात हिशेबाचे काम करते. एकच बीजक दोनदा नोंदले गेले, तर आम्ही ते सिस्टिमवर ढकलून मोकळे होत नाही, उलट नोंद करून दुरुस्त करतो. शेवटी 7 जानेवारी 2025 रोजी ब्युरोच्या संकेतस्थळावर आणि बँकेकडे लेखी, अशी दोन्हीकडे तक्रार केली. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय ब्युरो स्वतःहून नोंद बदलत नाही, त्यामुळे दोन्हीकडे लिहिणे आवश्यक होते.

इथे एक नियम उपयोगी पडला. तो फार थोड्यांना माहीत असतो. अहवालातील चुकीची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. दुरुस्त माहिती ब्युरोला पाठवण्यासाठी बँकेला 21 दिवस मिळतात, आणि बँकेने ते पाळले नाही तर भरपाई बँकेने द्यायची असते. तक्रारीच्या पत्रात मी हे तारखांसह लिहिले होते. माझी तक्रार 17 फेब्रुवारीला निकाली निघाली, म्हणजे 41 दिवस लागले. अकरा दिवसांचे 1,100 रुपये खात्यात आले, तेही मी दुसरे पत्र पाठवून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा इरादा कळवल्यानंतर. दुसरी ओळ अहवालातून गेली.

इतक्या खटाटोपानंतर स्कोअर चार गुणांनी वाढला. 759 चा 763 झाला.

त्या दिवशी मी खरोखर खचले. तोपर्यंतचे माझे मत ठाम होते की बँकेच्या हलगर्जीपणाने माझे 35 गुण गेले, आणि हे लेखन जानेवारीत केले असते तर मी तेच लिहिले असते. धाकट्या बहिणीने फोनवर विचारले, "ताई, तू अहवालाचे शेवटचेच पान का वाचतेस? आधीची पाने वाच की." ती एका पतसंस्थेत काम करते. मी डिसेंबरचा कागद पुन्हा काढला आणि या वेळी प्रत्येक कार्डाच्या चौकटीतील दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले, लिमिट आणि त्या तारखेची बाकी.

फ्रिजच्या कार्डाचे लिमिट 60,000, बाकी 31,500. बिनव्याजी हप्त्यांची खरेदी केली की संपूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी लिमिटमधून अडकते आणि हप्ते भरले जातील तशी मोकळी होते. मी त्या कार्डाकडे महिन्याला साडेतीन हजारांचा खर्च म्हणून पाहत होते, तर अहवाल त्याच्याकडे निम्म्याहून अधिक भरलेले कार्ड म्हणून पाहत होता, आणि सप्टेंबरात तर ते 70 टक्के भरलेले होते. रुपे कार्डाचे लिमिट 30,000, बाकी 19,000. ठाणे स्टेशनबाहेरची भाजी, दूध, औषधे, वाणसामान, सगळे स्कॅन करून त्याच्यावर जात होते. हे कार्ड फक्त दुकानदाराच्या कोडवर चालते, व्यक्तीला पैसे पाठवायला चालत नाही, तरी महिनाअखेर एवढी रक्कम सहज होते. जुन्या कार्डाचे लिमिट 90,000 आणि बाकी 26,000. एकूण 1,80,000 पैकी 76,500, म्हणजे साडेबेचाळीस टक्के. ऑगस्टमध्ये एकच कार्ड असताना हेच प्रमाण 28 टक्के होते. स्कोअर चांगला राहण्यासाठी ते साधारण 30 टक्क्यांच्या आत राहावे, असे जाणकार सांगतात. मी नवी कार्डे घेऊन लिमिट दुप्पट केले आणि बाकी तिप्पट.

बिल मी पूर्ण भरते, मग बाकी कुठून आली, हा प्रश्न मला बराच काळ सतावत होता. उत्तर अगदी सरळ आहे. बिल तयार झाल्यानंतर मी देय तारखेला पैसे भरत असे, आणि बँक ब्युरोला आकडा कळवते तो त्या आधीच्या एखाद्या तारखेचा. त्या दिवशी कार्डावर जे उभे असते ते अहवालात उमटते. आठ दिवसांनी मी पै न पै चुकती केली, तरी त्या महिन्याच्या त्या रकान्यात त्याचा मागमूस नसतो. वेळेवर भरल्याची नोंद वेगळ्या रकान्यात होते. माझ्या तिन्ही कार्डांच्या त्या रकान्यात सगळीकडे शून्येच होती, म्हणजे एकही दिवस उशीर नाही.

तिसरे कारण खात्यांचे वय. माझे जुने कार्ड एप्रिल 2012 चे, डिसेंबरमध्ये 152 महिन्यांचे. त्याच्या जोडीला चार महिन्यांचे एक आणि दोन महिन्यांचे एक आले. बेरीज 158, भागिले तीन, सरासरी साधारण 53 महिने. साडेबारा वर्षांच्या व्यवहाराची सरासरी साडेचार वर्षांच्याही आत आली. याला काळाखेरीज औषध नाही. स्कोअर खाली येऊन तिथेच थांबून का राहतो, याचा उलगडा मला या बेरजेने झाला. नवे खाते जुने व्हायला महिने लागतात, एन्क्वायरीचा परिणाम ओसरायलाही महिने लागतात, आणि दरम्यान बाकी वाढलेली राहिली तर वर चढायला जागाच उरत नाही.

याच सुमारास मी एक मोठी चूक करता करता थांबले. नवी दोन्ही कार्डे आजीवन विनाशुल्क आहेत आणि जुन्या कार्डाला वर्षाला 500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590 रुपये पडतात. मी ते बंद करण्याचा अर्ज भरूनही ठेवला होता. अर्ज दिला की थकबाकी नसल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि विलंब झाला तर दिवसाला 500 रुपये दंड आहे. त्यामुळे ते लगेच बंद झाले असते. परंतु त्याबरोबर 90,000 चे लिमिट गेले असते आणि तोच खर्च उरलेल्या 90,000 वर आला असता. बँकेला फोन करून विचारले, तर वर्षाला ठरावीक खर्च झाल्यास शुल्क माफ होते असे कळले. तेवढा खर्च आमचा होतोच. अर्ज फाडून टाकला.

फेब्रुवारीपासून मी एकच बदल केला. जानेवारी 2025 पासून बँकांना दर पंधरवड्याला, 15 तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती ब्युरोला कळवावी लागत होती. म्हणून मी दर महिन्याला 13 आणि 27 तारखेला रुपे आणि जुन्या कार्डावर जे असेल ते भरून टाकते, बिलाची वाट पाहत नाही. खर्च तोच आहे, फक्त भरण्याचे दिवस बदलले. यात बिनव्याजी मुदतीचा फायदा काहीसा जातो, हे मला मान्य आहे. ज्यांना नजीकच्या काळात कर्ज घ्यायचे नाही त्यांनी हे करण्याची गरज नाही. फ्रिजचे हप्ते मुदतीआधी संपवायला शुल्क होते, ते मी दिले नाही. त्या कार्डावर दुसरा एकही खर्च टाकला नाही एवढेच. एप्रिलमध्ये स्कोअर 774 झाला. जूनच्या अहवालात तिन्ही कार्डांची मिळून बाकी 19,000, म्हणजे साडेदहा टक्के आहे आणि स्कोअर 788.

कार्डांविषयी विचाराल, तर रुपे कार्डावर मी समाधानी आहे. सुट्या पैशांचा प्रश्न मिटला आणि महिन्याचा किरकोळ खर्च प्रथमच एका कागदावर दिसू लागला. ज्यांचा स्कोअर पुढील वर्षभर तरी कोणाला दाखवायचा नाही, त्यांनी ते अवश्य घ्यावे. फ्रिजच्या कार्डाची शिफारस मी करणार नाही. तीन हजारांच्या सवलतीतून प्रक्रिया शुल्क आणि हप्त्यांतील व्याजभागावरचा जीएसटी वजा केला, तर हाती आलेली रक्कम बरीच कमी भरते. त्याहीपेक्षा, एक अर्ज दोनदा भरला गेला तर ती चूक ग्राहकाने 41 दिवस निस्तरावी, हे मला आजही मान्य नाही. चारच गुणांचा प्रश्न होता, हे मला ठाऊक आहे. तरी जी नोंद खोटी आहे ती माझ्या नावावर का राहावी?

गृहकर्जाचा अर्ज आम्ही 18 जूनला दिला. समोर बसलेल्या अधिकारी बाईंना मी आधीच विनंती केली की संगणक अडकला तर थांबा, मी उद्या पुन्हा येईन, पण अर्ज दुसऱ्यांदा टाकू नका. त्यांनी ते मनावर घेतले. काल अहवाल पाहिला. गृहकर्जाची एन्क्वायरी त्यात आली आहे, एकदाच.