गोळ्याचा बर्फ आणि सोलर पॅनेलचं ‘नॅनो कोटिंग’

गच्चीवर सोलर पॅनेल असलेल्या पुण्यातल्या सोसायट्यांनी हे जरूर वाचा. आमच्या धायरीच्या सोसायटीला ४२,००० रुपयांना गंडवणारा माणूस अजून मोकळा फिरतो आहे.

धायरीत बांधकामं संपत नाहीत, त्यामुळे पॅनेलवर धूळ कायमचीच. दिवाळीनंतर पावसाचं नाव नाही, आणि टँकरचं क्षारांचं पाणी मारलं की काचेवर पांढरे ओघळ. अशा वेळी हा गृहस्थ पॅनेलच्या काचेवर पाणी आणि धूळ टिकू न देणारा पातळ थर, म्हणजे ‘नॅनो कोटिंग’, विकायला टॅब घेऊन आला. टॅबवर परदेशातल्या कुठल्याशा घराचा व्हिडिओ. साध्या पॅनेलवर बर्फाचा थर तसाच, कोटिंगवाल्यावरचा सरसर खाली. ‘काका, जिथं बर्फ टिकत नाही, तिथं धूळ काय टिकणार?’ आमची कमिटी निम्मी निवृत्त इंजिनिअरांची, तरी माना डोलल्या.

मग प्रयोग. दोन तिरप्या काचा, एकीवर कोटिंग, दुसरी साधी. थर्मासमधून गोळेवाल्याकडे असतो तसला किसलेला बर्फ काढून दोन्हींवर टाकला. कोटिंगवरचा क्षणात खाली, साधीवरचा जागच्या जागी.

खरी हातचलाखी इथे होती. ‘साधी’ काच बाथरूमच्या खिडकीला लावतात तसली खरखरीत होती आणि उतारही कमी होता. मोबाइलवर काढलेले फोटो मोठे करून पाहिल्यावर हे दिसलं, पण तोवर पैसे गेले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातीने घरी स्टीलचं ताट तिरपं धरून त्यावर बर्फाचा कीस टाकला. कोटिंगबिटिंग काही नसताना तो थेट सिंकमध्ये गेला. पुण्याच्या दुपारी बर्फाच्या तळाला लगेच पाणी सुटतं आणि त्या पाण्यावरून तो घसरतो.

शून्याखालच्या थंडीत हे पाणी सुटतच नाही. थंड देशांत पॅनेलवरचा बर्फ उतरतो तो मुख्यतः पॅनेल चांगलं उभं असेल आणि उन्हाने काच तापून तळाचा थर वितळला तर. जे पाणी धरत नाही ते बर्फही धरणार नाही, हे गृहीतच कच्चं. कमळाच्या पानावर बारीक उंचवट्यांमध्ये हवा अडकते, म्हणून पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; तो जितका मोठा तितका थेंब गोल) १५० अंशांच्या वर जातो आणि थेंब घरंगळतो. जर्मनीतल्या बॉनच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली हे नीट मांडलं. पण दमट थंडीत त्याच फटींत दंव गोठलं तर बर्फ उलट घट्ट रुतून बसतो. नुसतं गुळगुळीत टेफ्लॉन घेतलं तर स्पर्शकोन ११० अंशांच्या आसपासच राहतो. शिवाय कमळाचं पान स्वच्छ राहतं ते घरंगळणारे थेंब धूळ उचलून नेतात म्हणून. नोव्हेंबर ते मे आमच्या गच्चीवर थेंब आणायचे कुठून?

लावायला दोन पोरं आली. फवारा मारला, फडक्याने पुसलं, वास गाडीच्या पॉलिशचा. पॅनेलचा उतार जेमतेम अठरा अंश. थंडीत पहाटे दव पडायचं, त्याचे बारीक थेंब घरंगळण्याइतके मोठे होत नसत. धूळ घेऊन ते जागीच वाळायचे आणि काचेवर ठिपकेच ठिपके. खालच्या चौकटीच्या कडेला मातीची पट्टी होती तशीच राहिली, कारण तिथे कडच आडवी येते, कोटिंग तिला काय करणार? इन्व्हर्टरच्या ॲपवर युनिटांत काडीचा फरक नाही.

दहा वर्षांच्या वॉरंटी कार्डावर फक्त मोबाइल नंबर होता, तो बंद. बिलावर जीएसटी क्रमांक नाही. पॅनेल बसवणाऱ्याने तर लेखी संमतीशिवाय काचेवर काहीतरी फासलंत म्हणून मूळ वॉरंटीबद्दलही हात वर केले. मला विचाराल तर हे नुकसान ४२,००० पेक्षा मोठं.

पोलिसांत अर्ज दिला आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली आहे. परवा बाणेरच्या मेव्हण्याने त्यांच्या ग्रुपवर आलेला तोच व्हिडिओ पाठवला, फक्त कंपनीचं नाव नवीन. तुमच्याकडे आला तर आधी पॅनेलच्या कंपनीचं लेखी संमतीपत्र मागा. एकाच पॅनेलवर अर्ध्या भागाला फुकट लावून महिनाभर ठेवायला सांगा. आणि थर्मास उघडलाच, तर दोन्ही काचा तुमच्या घरच्या द्या.