इंडक्शन शेगडी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

होळीच्या सुमारास आमच्या ओट्यावर इंडक्शन शेगडी आली. गॅस काढला नाही, तो शेजारी आहेच. आता दिवाळीचा फराळही होऊन गेलाय, त्यामुळे लिहायला हरकत नाही. पुण्यातल्या आमच्या सिंहगड रस्त्याच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात बऱ्याच जणींनी ही शेगडी घेतली आणि त्यातल्या निम्म्याजणींची माळ्यावर गेली. आमची रोज चालते. असं का झालं, तेच सविस्तर सांगते.

ब्रँड सांगत बसत नाही. मॉडेलं दर वर्षी बदलतात, बघायच्या गोष्टी मात्र त्याच राहतात.

आमचं घ्यायचं कारण सासूबाई. वय 75, दुपारी घरात एकट्या, आणि चहा मात्र स्वतःच्या हातचाच हवा. दोनदा आधण आटून पातेलं काळं झालं, तेव्हा नवऱ्याने धसका घेतला. इंडक्शनला ज्वाळा नाही, पदर पेटायची भीती नाही, आणि भांडं उचललं की काही सेकंदांत ती स्वतःच थांबते. टायमर लावला की वेळ संपल्यावर बंद. एवढ्यासाठीच घेतली आणि या एका बाबतीत तिने पैसे पूर्ण वसूल करून दिले. घेताना आईंना दुकानात सोबत नेलं होतं. टच पॅनेलवर त्यांचं कोरडं बोट लागेना, ओल्या हाताने तर भलतंच बटण लागत होतं. त्या म्हणाल्या, "अगं, मला दाबल्याचं कळायला हवं." म्हणून दाबायच्या बटणांची घेतली. घरात वयस्कर माणूस असेल तर काचेच्या गुळगुळीत टच पॅनेलच्या मोहात पडू नका. दिसायला छान असतं, वापरायला नाही.

आता भांडी. माळ्यावर गेलेल्या शेगड्यांची खरी गोष्ट इथे आहे. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याने भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह तयार होतात आणि बूड स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. त्यामुळे बूड लोहचुंबक धरणारं हवं आणि सपाट हवं. फ्रिजवरचं चुंबक घेऊन घरातल्या सगळ्या भांड्यांच्या बुडाला लावून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे निकाल असा लागला: हिंडालियमच्या कढया बाद, पितळी पातेली बाद, तांब्याच्या बुडाची स्टीलची पातेली बाद, तांबट आळीतून आणलेला तांब्याचा हंडा अर्थातच बाद. जाड, भारीतलं म्हणून कौतुकाने घेतलेलं स्टीलचं पातेलंही बाद, कारण 304 ग्रेडच्या स्टीलला चुंबक धरत नाही. उलट आजेसासूबाईंचा बिडाचा तवा आणि लोखंडी कढई पास. त्यातही कढईचं बूड गोल, म्हणून ती नुसती मधोमध तापते.

यावर उपाय म्हणून दुकानदार एक लोखंडी चकती देतात, तिच्यावर कुठलंही भांडं ठेवा म्हणतात. ती घेऊ नका. आधी चकती तापते, मग भांडं. वेळ जातो, वीज जाते, आणि चकतीखालची काच नको इतकी तापते. त्यापेक्षा रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन सपाट बुडाची दोन पातेली आणि एक इंडक्शन बुडाचा कुकर घ्या. आम्ही तेच केलं. शेगडीच्या किमतीत हा खर्च सुरुवातीलाच धरा.

बुडाचा आकारही लागतो. साधारण 12 सेंटिमीटरपेक्षा लहान बूड बहुतेक शेगड्या ओळखतच नाहीत. म्हणजे फोडणीची पळी चालत नाही! मराठी स्वयंपाकात हा खरा अडथळा आहे. वरणाला वरून फोडणी, कोशिंबिरीला फोडणी, दहीभाताला फोडणी, प्रत्येक वेळी गॅस लावावाच लागतो. वांग्याचं भरीत, भाजलेला पापड, सुकं खोबरं भाजणं हेही गॅसवरच. घडीची पोळी मात्र बिडाच्या तव्यावर अतिशय छान होते, तव्याचं बूड सपाट असेल तर. भाकरीचं अर्ध्यावर अडतं: तव्यावर भाजली जाते, फडक्याने दाबून फुगतेही, पण ज्वारीच्या भाकरीला जाळावर शेकल्यावर जो खमंगपणा येतो तो येत नाही. आमच्याकडे तवा इंडक्शनवर आणि शेवटचा शेक गॅसवर, असं ठरून गेलंय.

कुकरबद्दल जरा थांबून लिहिते, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. इंडक्शनवर कुकर फार पटकन शिट्टी देतो. जास्त वॉटवर ठेवला तर तीन शिट्ट्या भराभर होतात, आणि झाकण काढल्यावर तूरडाळ बोटाने दाबली तर आत कण लागतो. डाळ शिजते ती शिट्ट्यांच्या आकड्यावर नाही, आतल्या दाबाखाली किती मिनिटं राहिली त्यावर. म्हणून आता आमची पद्धत अशी: 1400 वॉटवर पहिली शिट्टी, मग 500 वर आणून टायमरवर दहा मिनिटं. नंतर दाब आपोआप उतरू द्यायचा. वरण लोण्यासारखं घोटलं जातं. हरभरे, राजमा यांना मिनिटं वाढवायची, वॉट वाढवायचे नाहीत.

आता मंद आच. इंडक्शन निवडताना सगळे वॉट विचारतात, 1600 की 2000 की 2200. घरच्या कामाला यातली कुठलीही पुरते. खरा फरक पडतो तो कमीत कमी आचेवर. स्वस्त शेगड्यांना 300 किंवा 400 वॉट सलग देता येत नाहीत. त्या काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद बंद राहतात आणि सरासरीने कमी वॉट दाखवतात. पाणी उकळायला याने काही बिघडत नाही. पण दूध, पुरण, खीर, बासुंदी यांचं बिघडतं. जोराच्या त्या काही सेकंदांत बुडाला पटकन धरतं. आमच्या शेगडीलाही हा दोष आहे. दूध तापवताना पातेल्यात आधी दोन चमचे पाणी, मग दूध, 700 वॉटवर, आणि बाजूला उभं राहायचं. पुरण मी गॅसवरच आटवते. जाड बुडाचं भांडं असेल तर हे धक्के जरा पचतात. 'दूध', 'डोसा', 'इडली', 'करी' अशी नावं लिहिलेली बटणं आमच्या घरात कुणी वापरत नाही. वॉट हाताने कमीजास्त करता येणं पुरेसं आहे.

पैशाचं आता. जाहिरातीत बचतीचा मोठा गाजावाजा असतो, म्हणून मी हिशेब मांडला. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. भारतीय मानकांनुसार घरगुती एलपीजी शेगडीची कार्यक्षमता किमान 68 टक्के लागते, पण ती प्रयोगशाळेतली. घरात पंख्याचा वारा, लहान भांडं, बाजूने जाणारी ज्वाळा यांनी ती घटते. इंडक्शनची 85 टक्के धरली तर एका सिलिंडरचं काम साधारण 120 ते 145 युनिटांत होतं. आता महावितरणचं बिल काढा. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो, 101 ते 300 या टप्प्याचा जवळपास दुप्पट. फ्रिज, गिझर, पंखे, वॉशिंग मशीन असलेल्या घराची 100 युनिटं तशीच संपतात, म्हणजे इंडक्शनचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात मोजलं जातं. आमच्या घरी ताळा जमवला तेव्हा इंडक्शन सिलिंडरपेक्षा महाग पडलं, स्वस्त नाही. गच्चीवर सौरपॅनेल असतील तर गणित उलटं होतं, त्यांनी जरूर घ्यावी. दोन माणसांचं घर असेल आणि बिल 100 युनिटांच्या आत राहत असेल तरी परवडेल. बाकीच्यांनी बचतीच्या आशेने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आम्ही रोज का वापरतो? आईंचं कारण सांगितलंच. दुसरं कारण एप्रिल-मे. आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. गॅस लावला की पंखा बंद करावा लागतो आणि संध्याकाळच्या पोळ्या म्हणजे घामाच्या धारा. इंडक्शनवर पंखा चालू ठेवून पोळ्या करता येतात. जाळाची उष्णता खोलीत पसरत नाही. त्या दोन महिन्यांत मला ही शेगडी इतकी मोलाची वाटली की बिलाचे वाढलेले पैसे मी आनंदाने भरले. तिसरं कारण वेग. पुण्यात उंचीमुळे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. एक लिटर पाण्याला साधारण 0.1 युनिट लागतं आणि 2000 वॉटवर तीन-साडेतीन मिनिटांत आधण येतं. सकाळी एकीकडे पोळ्या, दुसरीकडे कुकर आणि तिसरीकडे चहा, अशी सोय होते. आणि स्वच्छता: उतू गेलं तरी ओल्या फडक्याने एक हात फिरवला की झालं. बर्नरची भोकं टाचणीने साफ करत बसणं नाही.

विजेची जोडणी नीट करून घ्या. 2000 वॉट म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर. मिक्सरच्या 6 अँपिअरच्या प्लगला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला ती लावू नका. आम्ही ओट्यावर स्वतंत्र 16 अँपिअरचा पॉइंट काढून घेतला, अर्थिंग तपासून घेतलं. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ती चालत नाही. वळवाच्या पावसात किंवा देखभालीसाठी गुरुवारी वीज गेली की गॅसच. म्हणून गॅस पूर्ण बंद करायचा विचार करू नका.

जुलैत एकदा वीज येऊन-जाऊन करत होती आणि शेगडी बंद पडली. कंपनीच्या सेवा केंद्राने बरेच दिवस नुसत्या तारखा दिल्या, मग आख्खा बोर्ड बदलायचा भाव सांगितला, तो नव्या शेगडीच्या निम्म्याहून अधिक होता. शेवटी बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका कारागिराने उघडून बघितली. वीज वेगाने चालू-बंद करणारा आयजीबीटी नावाचा भाग जळला होता. तो आणि फ्यूज बदलून दिला, तेव्हापासून सुरळीत आहे. उघडल्यावर पंख्यावर तेलकट धुळीचा थर दिसला आणि एक मेलेलं झुरळ. खालून हवा ओढणारा पंखा फोडणीचा धूरही ओढतो. आता मी दर पंधरवड्याला खालच्या जाळीवरून कोरडा ब्रश फिरवते. शेगडी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवते. आणि स्वयंपाक झाल्यावर भिंतीवरचं बटण लगेच बंद करत नाही, आतला पंखा थांबेपर्यंत वाट बघते.

पेसमेकर बसवलेलं कुणी घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन अशा व्यक्तींना चालू इंडक्शनपासून 60 सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट, लांब राहायला सांगते. आमच्या शेजारच्या काकांना पेसमेकर आहे, म्हणून त्यांनी घेतली नाही, आणि ते योग्यच केलं. भांडं उचलल्यावर काच बराच वेळ गरम राहते, हेही लहान मुलं असलेल्या घरांनी लक्षात ठेवावं.

घ्यायला जाल तेव्हा घरचं एक पातेलं पिशवीत टाकून न्या. दुकानदाराला प्लग लावायला सांगा, पातेल्यात दोन पेले पाणी घाला, उकळी आली की आच 400 वर आणा आणि दोन मिनिटं बघत राहा. बुडबुडे सलग येत राहिले तर घ्या. उसळून मग साफ थांबत असतील, पुन्हा उसळत असतील, तर पुढचं मॉडेल लावून दाखवायला सांगा.